दाजी, ही चूक कुणाच्या नावावर टाकू?

दाजी,

तुम्ही गेलात त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही निम्मं पिंपरी-चिंचवड गुन्हेगार ठरवून मोकळे झालो होतो. चाकणच्या चौकातली वाहतूक, तुमची पहाटेची शिफ्ट, कँटीनचं तेल. तुमच्या चुलतभावानं तर हवेवरच ठपका ठेवला. म्हणाला, "पूर्वी हितं मळे व्हते तवा कुणाला हार्ट अटॅक येत न्हवता." मी, सांगायला लाज वाटते, नाशिक फाट्याच्या सिग्नलला शिव्या घातल्या. तुम्हाला नेलं होतं चाकणमधल्याच दवाखान्यात. तो सिग्नल वाटेत लागतही नव्हता. पण मला तेव्हा कुणीतरी हवं होतं, आणि तो सिग्नल मला कधीच आवडला नव्हता.

मग तुमचा निखिल बोलला. इतका वेळ भिंतीला टेकून नुसता बसला होता. ताईकडे बघून म्हणाला, "आई, तू रोज बघत होतीस ना त्यांना? तुला काहीच दिसलं नाही?"

हवेला, तेलाला, सिग्नलला दोष देणं सोपं होतं, ते उलटून बोलत नाहीत. ताईही बोलणार नाही असं मला वाटलं. पण ती पदराशी चाळा करत म्हणाली, "व्हय रे. माझंच चुकलं."

दाजी, माझी बहीण चिंचवडच्या मास्तरांच्या घरात वाढली. "व्हय" हा शब्द तिनं तुमच्याकडून घेतला, पिंपळे गुरवच्या तुमच्या घराकडून. वाक्यही तुमचंच होतं. आवाज मात्र तुमचा नव्हता, आणि तिथंच सगळं बिघडलं.

त्या दिवसापासून निखिल आईशी बोलेना. ती ताट वाढायची आणि त्याला त्याच वेळी नेमका ऑफिसचा कॉल यायचा. वाकडला मित्राबरोबर खोली बघतोय, दिवस झाले की जाणार, असं तो आमच्या हिला म्हणाला. म्हणजे तुमच्या त्या तीन खोल्यांत ताई एकटी. आणि असले खटले आजवर तुमच्याकडे जायचे. आता ते माझ्याकडे आले, मामा म्हणून. माझ्याकडे! आमच्या घरात मला कुणी वरणाला फोडणी कमी पडली का, हेसुद्धा विचारत नाही.

तुम्ही नेमकी कसली नोकरी करता हे मला सुरुवातीला बरीच वर्षं कळलं नव्हतं. तुमची कंपनी भोसरीत गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या बनवायची, पगार तिथून व्हायचा, पण तुम्ही असायचात चाकणला, मोठ्या गाड्या जोडणाऱ्या प्लँटमध्ये. कधीतरी विचारलं, "तिथं करता काय?" तुम्ही म्हणालात, "बोलणी खातो." मला विनोद वाटला. तो विनोद नव्हता, तीच तुमची नोकरी होती. दार नीट बसलं नाही की लाइन थांबायची, लाइन थांबली की चार साहेब धावत यायचे, आणि आपला माल आहे म्हणून तिथं आपला एक माणूस उभा असायचा. त्या माणसानं पहिलं वाक्य म्हणायचं: "चूक आमचीच हाय साहेब. आधी लाइन चालू करू." मग उलट्या क्रेटवर बसायचं, एकेक बिजागरी हातात घेऊन बघायची, बरी असेल तिच्यावर हिरवा ठिपका द्यायचा. आणि दुपारी, सगळे निवले की, त्यातल्या सगळ्यात तापट साहेबाला हळूच म्हणायचं, "साहेब, जरा तुमचं भोकाचं माप बी बघता का?"

माझं उलट. मी परचेसचा माणूस. काही बिघडलं की सप्लायरला फोन लावायचा आणि तो काही बोलायच्या आत आवाज चढवायचा, एवढ्यावर माझी इतकी वर्षं पगारवाढ झाली. घरीही मी तेच करतो. दूध उतू गेलं तर गॅस मोठा होता. गॅस मोठा कुणी ठेवला, हा प्रश्न माझ्या खात्यात येत नाही.

आपण दोघं एका कुटुंबात आलो हे सगळ्यांच्या सोयीचं झालं. मी दोष वाटायचो, तुम्ही गोळा करायचात.

आमच्या सायलीच्या साखरपुड्याचं आठवतंय ना? हॉल पिंपळे गुरवात, तुमच्या घराजवळच. पाहुणे साताऱ्याहून येणार. मुहूर्त टळायला आला तरी गाडी दिसेना. फोन केला तर व्याही म्हणाले, "आम्ही कधीचेच पोचलोय, इथं कुणीच नाही." ते पिंपळे निलखला उभे होते. तिथून निघाले ते पिंपळे सौदागरला गेले. आपल्याकडे तीन तीन पिंपळे आहेत याची साताऱ्याच्या माणसाला काय कल्पना? येऊन उतरले तेव्हा व्याह्यांचा फेटा सुटलेला आणि विहिणीचा चेहरा असा, की पुढची दहा वर्षं माझ्या मुलीला तो बघावा लागणार हे मला स्पष्ट दिसलं. मी मॅपवर घसरलो, त्यांचे काका ड्रायव्हरवर घसरले, आमची ही माझ्यावर घसरली. आणि तुम्ही दारात पुढं होऊन हात जोडलेत. "चूक आमचीच हाय. पत्ता मीच पाठवला व्हता, निस्तं 'पिंपळे' लिवलं."

तुम्ही पत्ता पाठवलाच नव्हता. तुमच्याकडे व्याह्यांचा नंबरही नव्हता.

आणि गंमत बघा, व्याही एकदम मऊ झाले. "अहो तसं नाही, आमच्या ड्रायव्हरनंही विचारायला हवं होतं." विहीणबाई म्हणाल्या, "आम्हीच उशिरा निघालो जरा." तुम्ही अख्खी चूक उचललीत की समोरचा त्यातला आपला तुकडा परत मागायला यायचा. हे मी तुमच्या बाबतीत कितीदा पाहिलं असेल, आणि दर वेळी मला ते जादूसारखं वाटलं आणि दर वेळी त्याचा रागही आला.

त्याच आठवड्यात कासारवाडी स्टेशनबाहेर चहा घेताना मी तुम्हाला टोकलं. "दाजी, हे चक्क खोटं बोलणं झालं."

"लाइन चालू झाली का न्हाई, पाव्हणं?"

"झाली. पण चूक कुणाची होती ते राहिलंच ना."

"ऱ्हायलं कुठं? सोधली की मी. तुमचीच व्हती. तुमीच निस्तं 'पिंपळे' लिवलंवतं, सायलीनं दावलं मला." तुम्ही बशीतला चहा फुंकलात. "पर ते आपुन हितं बोलायचं. मांडवाच्या दारात न्हाई."

मी वरमलो, पण सोडलं नाही. परचेसचा माणूस शेवटचा शब्द दुसऱ्याला देत नाही. म्हणालो, "बरं, मग ज्याची खरी चूक आहे तो शिकणार कसा? तुम्ही दर वेळी अंगावर घेणार, आणि आमच्यासारखे आयुष्यभर तसेच राहणार."

तुम्ही हसलात. काहीतरी सांगायला तोंडही उघडलंत. तेवढ्यात लाइनवरून फोन आला आणि "आलो, आलो साहेब" म्हणत तुम्ही मोटारसायकलला किक मारलीत. उत्तर राहिलं. पुढं कधीतरी विचारू म्हणून मीही सोडून दिलं. आता ते उत्तर मला पाहिजे आहे तर तुम्ही नाही, आणि याबद्दल कुणाला बोल लावावा ते कळत नाही.

दहाव्याच्या आदल्या दिवशी तुमच्याबरोबर लाइनवर असणारे कदम भेटायला आले. भला माणूस. रडला. ताईसमोर, निखिलसमोर बसून म्हणाला, "वहिनी, महिन्याभरात दोनदा त्यांना दम लागून खाली बसावं लागलं होतं. छाती आवळल्यासारखी वाटते म्हणाले. मी म्हटलं, डॉक्टरकडे चला. तर म्हणाले, बघू ऑडिट झाल्यावर. आणि घरी बोलू नका, ती घाबरंल."

मला वाटलं, आता तरी निखिल आईला सोडेल. कळलं ना, की तुम्हीच लपवलं होतं! पण कदम उठून गेल्यावर तो म्हणाला, "लाइनवरच्या माणसांना दिसलं, आणि घरात दिसलं नाही."

ताई परत तेच म्हणाली. "व्हय. माझंच चुकलं."

दाजी, इथं मी पुरता गोंधळलो. तुमचंच वाक्य, तुमचीच पद्धत. तिनं अख्खी चूक उचलली. आता पोरानं आपला तुकडा परत मागायला नको होता का? की बाबा, मीसुद्धा त्याच घरात होतो, मीसुद्धा कानात ते हेडफोनचं बोंडूक घालून जेवत होतो, मलाही दिसलं नाही. त्यानं नाही मागितला. तिनं कबूल केलं म्हणजे ठरलंच, असं त्यानं धरलं. तुम्ही म्हणायचात तेव्हा माणसं मऊ व्हायची. ती म्हणाली तेव्हा पोरगा दगड झाला. का? तुम्ही म्हणताना मनातून जाणत होतात की हे सगळं काही माझं नाही, म्हणून? आणि ती खरंच मानत होती, म्हणून? का बाईनं कबूल केलं की आपल्याला ते नेहमीच खरं वाटतं? मी कितीतरी वेळ तुमच्या गॅलरीत उभा राहून याचा विचार केला आणि काही हाती लागलं नाही.

एक गोष्ट मात्र तेव्हा लख्ख कळली, आणि ती तुम्हाला सांगायला मी इतकी पानं फिरतोय. चूक तुमची होती, दाजी. सिग्नलची नव्हती, कँटीनच्या तेलाची नव्हती, ताईची तर नव्हतीच. सगळ्या जगाच्या चुका गोळा करत फिरलात आणि स्वतःची एक तेवढी शर्टाच्या आत लपवलीत. लाइन थांबते आहे असं तुमचं शरीर तुम्हाला सांगत होतं, आणि तुम्ही, ज्यांचा जन्म थांबलेल्या लाइनपुढं धावण्यात गेला, ते म्हणालात, बघू ऑडिट झाल्यावर. मला तुमचा इतका राग आला की तुमच्या फोटोपुढून उठून मी बाहेर गेलो. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात. आणि ठेवली तरी ती घ्यायला माणूस कुठं असतो?

हे निखिलला सांगायचं होतं. "तुझ्या वडिलांचं चुकलं." एवढंच. कितीदा ओठांवर आलं. पण ज्या पोराला बाप जाऊन दोन आठवडेही झाले नाहीत त्याच्या हातात ही गोष्ट कशी द्यायची? आणि नाही द्यावी, तर ती ताईच्या हातात राहते.

गोडाच्या जेवणाच्या दिवशी पंगत बसली. ताईनं निखिलचं ताट स्वतः वाढलं. तो उठला. म्हणाला, "मला भूक नाही. आणि मी रविवारी सामान हलवतोय." ताई पुरणपोळीचा हात तसाच धरून उभी.

मी काही ठरवलं नव्हतं. माझ्या हातून शहाणपणाची गोष्ट ठरवून कधी झालेली नाही. मी म्हणालो, "निखिल, मला माहीत होतं."

"काय?"

"दाजींच्या छातीचं. मला सांगितलं होतं त्यांनी. ताईला बोलू नका म्हणाले. मी बोललो नाही. माझंच चुकलं."

माझा आवाज चिरका निघाला, तुमच्यासारखा नाही. शेजारी आमची ही भाताचा घास तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. निखिलचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. आणि तो वळून काय म्हणाला माहितीये? "आई! ऐकलंस? ह्यांना माहीत होतं! मामांना माहीत होतं, आणि हे गप्प बसले!"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो तिला "आई" म्हणाला. मग मला काय काय म्हणाला ते इथं लिहीत नाही. परचेसच्या खात्यात मी सप्लायरांना जे जे बोललो असेन ते सगळं मला त्या पंगतीत परत मिळालं. तो आईजवळ खाली बसला आणि रडला, आणि ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत माझ्याकडे बघत होती. त्या नजरेत काय होतं ते मला कळलं नाही.

ते चार दिवसांनी कळलं. मी तुमच्या घरी गेलो, निखिल नव्हता. ताई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुला त्यांनी सांगितलं होतं?"

"हो."

"तुला? तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. तुला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत देहूपर्यंत कळलं असतं."

ती काड्या बाजूला करत राहिली.

"खोटं बोलून तुला काय मिळालं?"

"माहीत नाही, ताई."

"तो तुझ्याशी बोलत नाही ना?"

"नाही."

"खोलीचं मोडलंय त्यानं. काल जेवला माझ्या हातचं. दोन वेळा भाजी मागितली." मग दुसरी जुडी सोडत म्हणाली, "आत्ताच नको सांगूस. सांगायचं तेव्हा मी सांगीन." आणि मग, जणू मेथीलाच विचारावं तसं, "पण मला दिसायला हवं होतं का रे?"

याला काय उत्तर द्यायचं, दाजी? "नाही" म्हणालो तर ती ऐकणार नाही. "तुम्ही लपवलंत" म्हणालो तर ते तिला माझ्याआधी ठाऊक आहे. मी म्हणालो, "चहा टाकू का?" ती म्हणाली, "तू नको, उतू घालवशील." चहा तिनंच टाकला.

मी केलं ते बरं केलं का वाईट, मला अजून ठरवता येत नाही. माझं घेणं आणि तुमचं घेणं सारखं नाही हे मात्र कळतं. तुम्ही चूक घेऊन क्रेटवर बसायचात, एकेक नग तपासायचात. मी नुसती घेतली. निखिलला लहानपणी सायकल शिकवली ती मी, त्याच्या दहावीच्या पेढ्यांचा पहिला मान माझा. तो आता मला तुमच्या जिन्यात पाहून मोबाईल काढतो. आणि हे नशिबानं, सरकारनं किंवा सिग्नलनं केलेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा असं काहीतरी माझ्या अंगावर आहे जे मी दुसऱ्या कुणावर ढकलू शकत नाही, आणि नेमकं तेच माझं नाही. सांगा आता.

परवा त्याचा फोन आला. तुमच्यानंतर पहिलाच. नमस्कार नाही, मामा नाही. "तुम्ही ईसीजी कधी काढलाय?"

"मी? मला काय झालंय?"

"तेच विचारतोय. दुसऱ्याचं लपवलंत, स्वतःचंही लपवत असाल. उद्या सकाळी उपाशीपोटी खाली उभे राहा."

काल सकाळी त्यानं मला गाडीत घातलं. दवाखान्यात माझ्या हातापायांना ते थंड चिमटे लावले, आणि तो कोपऱ्यात हात बांधून उभा राहिला, मी यंत्राशीसुद्धा खोटं बोलेन असा संशय आल्यासारखा. डॉक्टर तरुण होत्या. पट्टी बघून म्हणाल्या, थोडं वेगळं दिसतंय, घाबरण्यासारखं नाही, पण आजच आणखी एक तपासणी करून घेऊ. बाहेर बसा.

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. मला घाम फुटला होता. तो तपासणीचा का पोटात काही नसल्याचा, कुणास ठाऊक. निखिलनं माझ्याकडे पाहिलं, मग फरशीकडे. हळू आवाजात म्हणाला, "मामा, आईला आत्ता काही बोलायला नको. उगाच घाबरेल ती."

आणि थांबला.

माझं तोंड बंद राहिलं असे प्रसंग माझ्या आयुष्यात फार नाहीत. हा त्यातला एक. समोरून एक बाई रिपोर्ट घेऊन गेली, एक म्हातारबाबा नंबर विचारून गेले. मग निखिलनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं, खिशातून फोन काढला आणि नंबर लावला.

"आई, मी मामाबरोबर दवाखान्यात आहे. नाही, नाही, आधी ऐक. थोडं काहीतरी दिसतंय. हो, छातीचंच. तुला सांगतोय ना, म्हणून तर फोन केलाय."

पलीकडून ताईचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. तो ऐकत राहिला, मान हलवत राहिला. मग फोन खाली घेऊन मला म्हणाला, "रिक्षा बघतीये. येतेय म्हणाली."

आणि बाकावर माझ्याकडे सरकून त्यानं तिच्यासाठी जागा केली.